चौकाला नाव नको, नानांच्या चोपड्या सांभाळा

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय नगरसेवक-नगरसेविका,
आपल्या तापीकाठच्या गावची नगरपालिका

विषय : लॉट क्रमांक सात आणि बसस्थानकाजवळचा चौक

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात नगरपालिकेचे दोन कागद माझ्या हाती आले. एक रीतसर पाकिटातून घरी आला. बसस्थानकाजवळच्या चौकाला माझ्या दिवंगत वडिलांचं नाव देण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आहे, तरी कुटुंबीयांनी कार्यक्रमास उपस्थित राहावे, असा. दुसरा मला कुणी पाठवला नाही. घरपट्टी भरायला गेले तेव्हा सूचना फलकावर दिसला. निर्लेखित, म्हणजे निरुपयोगी ठरवलेल्या, साहित्याचा जाहीर लिलाव, ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. त्यातला लॉट क्रमांक सात असा आहे : ‘जुन्या वह्या व रद्दी कागद, लाकडी मोडके साहित्य, किरकोळ पितळ.’

त्या जुन्या वह्या माझ्या वडिलांच्या आहेत. लाकडी मोडकं साहित्य म्हणजे त्यांनी घडवलेली जहाजं. किरकोळ पितळ म्हणजे त्यांनी लेथवर ओतीव पितळ कातून केलेली घंटा. एकाच माणसाचं नाव चौकात लावायचं आणि त्याच्या हातचं काम किलोवर विकायचं, हे दोन्ही ठराव एकाच सभेत झाले की वेगवेगळ्या, हे मला माहीत नाही. एकाच झाले असतील तर सभागृहात कुणालाच काही खटकलं नाही, याचं नवल वाटतं.

मी या गावात औषधांचं दुकान चालवते. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या काउंटरवर येतात, घरच्यांची विचारपूस करतात. भांडण काढायची मला हौस नाही. पण हा ठेवा आम्ही नगरपालिकेला दिला होता, त्याच्या वाचनालयातल्या दालनाबद्दल अर्ज दिले, त्यांच्यावर आवक शिक्का पडला आणि पुढे काही झालं नाही. माहितीच्या अधिकारात विचारलं तर उत्तर आलं की, ‘सदर दालनाबाबतचा अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ बंद पाकिटातलं वाचलं जात नाही म्हणून हे उघड लिहिते आहे.

सभागृहात बरेच सदस्य नवे आहेत. त्यांनी माझ्या वडिलांना, नानांना, शेवटच्या काळातच पाहिलं असेल. पांढरा सदरा, कानांनी कमी ऐकू येणारं, हातात फूट-इंचाच्या खुणा केलेला बांबू, पहाटे घाटाकडे निघालेला म्हातारा. गाव त्यांना ‘कमांडर नाना’ म्हणायचं. हुद्दा लेफ्टनंट कमांडरचा होता. गावाने परस्पर एक बढती देऊन टाकली होती आणि नाना दर वेळी ती नाकारण्यात पाच मिनिटं घालवायचे.

घर शेतकऱ्याचं. मॅट्रिक झाल्यावर ते नौदलात आर्टिफिसर अप्रेंटिस म्हणून भरती झाले, म्हणजे जहाजाची इंजिनं, बॉयलर, पंप चालते ठेवणारा कारागीर. घरच्यांना वाटलं, पोरगा समुद्रावर गेला. पोरगा गेला होता लोणावळ्याच्या डोंगरात. नौदलाचं इंजिनांचं शिक्षण तिथे आयएनएस शिवाजीवर होतं आणि नावापुढे आयएनएस असलं तरी ही शिवाजी जमिनीवरच आहे. माझी आजी, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो, पुढे कित्येक वर्षं विचारायची, ‘डोंगरमा जहाज कसं चालस रे?’

१९७१ च्या डिसेंबरात नाना विक्रांतवर होते. विक्रांत तेव्हा देशाची एकमेव विमानवाहू नौका. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता, त्यामुळे वेगावर मर्यादा. उरलेल्या तीन बॉयलरांवर ती बंगालच्या उपसागरात लढायला उतरली. ४ डिसेंबरपासून तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर मारा केला, एवढं पुस्तकात असतं. नाना त्याच्या खालचं सांगायचे. विमान डेकवरून फेकायला कॅटापुल्ट लागतो, कॅटापुल्टला वाफ लागते, आणि वाफ बनवणारी माणसं आकाशही न दिसणाऱ्या तळाच्या खोलीत घामाने निथळत उभी असतात. शाळेत भाषणाला बोलावलं की पोरं विचारायची, ‘युद्धात तुम्ही काय पाहिलं?’ नानांचं उत्तर ठरलेलं : ‘प्रेशर गेज.’

त्याच दिवसांत, ९ डिसेंबरच्या रात्री, दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आपल्या गावात बातमी पोचली ती एवढीच की, आपलं एक जहाज बुडालं. कोणतं, कुठल्या समुद्रात, कुणाला ठाऊक? आई तेव्हा नवी सून होती. ती सांगायची की मोठ्या मायने चूल पेटवली नाही. रेडिओसमोर बसली आणि बातम्या देणाऱ्यालाच विचारत राहिली, ‘मना पोऱ्या कोठे शे, ते सांग ना रे भाऊ!’ नानांचं पत्र युद्ध संपल्यावर आलं, फ्लीट मेल ऑफिसच्या शिक्क्याचं. त्यात लढाईबद्दल अक्षर नव्हतं. कपाशीचे पैसे मिळाले का आणि धाकट्याची फी भरली का, एवढंच विचारलं होतं.

खुकरीवर त्यांचा लोणावळ्यापासूनचा सोबती होता, हे आम्हा भावंडांना फार उशिरा कळलं. आम्ही सगळे दीवला गेलो तेव्हा. तिथे समुद्राकाठी खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. नाना त्या काचेभोवती फिरत राहिले. बोलले काहीच नाहीत, फक्त एकदा म्हणाले की मास्ट, म्हणजे डोलकाठी, जरा पुढे हवा होता. घरी आल्यावर सागाची फळी आणली आणि खुकरी कोरायला घेतली. आई म्हणायची, त्या वर्षी यांनी दिवाळीचा फराळही गोठ्यातच, लाकडाच्या भुशात बसून केला.

महोदय, लॉट सातमधलं मोडकं लाकूड ते हेच.

पुढे ते सैनिकाचे अधिकारी झाले. मुंबईचं नेव्ही नगर, विशाखापट्टणम, कोची अशी आमची बिऱ्हाडं फिरली. आईचा समुद्राशी संबंध एवढाच की त्या दमट हवेत बिबडे वाळत नाहीत, याचा तिला राग होता. विशाखापट्टणमला ती भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती तेलुगू शिकली आणि शेजारच्या केरळी बाईला तिने कळण्याची भाकरी थापायला शिकवली. नाना महिनोन्‌महिने बाहेर असत. आमचे दाखले, आजारपणं, भावाचा मोडलेला हात, मोठ्या मायचं शेवटचं दुखणं, सगळं आईने एकटीने काढलं. नानांना मिळालेली पदकं तिने कधी भिंतीवर लावली नाहीत, लोखंडी पेटीत साड्यांखाली ठेवली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचा जो निर्णय आज इतका महागात पडतो आहे, तो आईचा होता.

निवृत्त झाल्यावर बरोबरीचे अधिकारी पुण्या-मुंबईला स्थायिक झाले. नाना गावी आले आणि गोठ्यात लेथ बसवला. ऑइल इंजिन बंद पडलेला शेतकरी रात्री-अपरात्री दार वाजवायचा. युद्धनौकेच्या टर्बाइनवर काम केलेला माणूस केळीच्या बागेतला पंप उघडून चिखलात बसलेला मी पाहिला आहे आणि दोन्ही कामं करताना त्याचा चेहरा सारखाच असायचा, असं आई सांगायची. पैसे घेत नसत. केळीचे घड, भरताची वांगी मात्र दारात येऊन पडायची आणि ती परत करण्याची सोय आईने ठेवली नव्हती.

आता त्या वह्यांबद्दल. तुमच्या भांडारपालाने ‘जुन्या वह्या’ लिहिलं, त्याचा फार दोष नाही. त्याला कुणी सांगितलं नसेल.

जहाजावर दर पाळीला लॉगबुक लिहितात : वारा, पाणी, हवा, यंत्रं, काय घडलं. नानांनी ती सवय गावी आणली. पहाटेची पाळी चार ते आठची, म्हणून ते चारला उठत. घाटावर जाऊन तापीचं पाणी कितव्या पायरीला आहे ते बांबूने मोजत. पायऱ्यांच्या कडेला त्यांनी स्वतः ऑइलपेंटने खुणा केल्या होत्या, आधी फुटांत, मग मीटरमध्येही. पाऊस, तापमान, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर ब्यूफोर्टच्या शून्य ते बारा या मापात. संध्याकाळी परत एकदा. आजारपणाचे दिवस सोडले तर निवृत्तीपासून शेवटच्या हिवाळ्यापर्यंत खाडा नाही, आणि आजारपणात भोईवाड्यातली पोरं पायरी मोजून येऊन सांगायची. सगळं शिसपेन्सिलीने. ओल लागली तर शाई पसरते, शिसं पसरत नाही, म्हणून.

त्या वह्यांत नुसते आकडे नाहीत. हतनूर धरणाच्या पाण्यावर चक्रवाक कधी उतरले, पट्टकादंब हंस कधी गेले, हे आहे. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा परत सापडला. १८८४ नंतर ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती, तो पक्षी आपल्या खान्देशात जिवंत निघाला. ते वाचून नाना दुर्बीण घेऊन तोरणमाळच्या वाटेला लागले. दिसला का, तर नाही. दर फेरीनंतर वहीत प्रामाणिकपणे ‘दिसला नाही’ लिहिलेलं आहे. भोई मंडळींनी सांगितलेल्या डोहांच्या जागा आहेत, नदीत टरबुजाच्या वाड्या कुठवर असायच्या ते आहे, वाळू उपसल्यावर पात्र कसं सरकलं तेही आहे.

आणि पूर आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला जो पूर आला, ज्यात खाली उकाई धरणाच्या पाण्याने सुरत बुडाली, त्या दिवसांची आपल्या घाटावरची तासातासाची नोंद त्या वहीत आहे. हतनूरचे ४१ दरवाजे. त्यातले किती, किती उघडले, की ते पाणी आपल्या खालच्या आळीला किती तासांनी लागतं, हे गणित नानांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून बसवलं होतं. त्या रात्री भोईवाडा वेळेवर रिकामा झाला तो त्या गणितावर. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा भोंगा वाजला तेव्हा तिथल्या घरांत पाणी होतं, माणसं नव्हती. त्या वर्षीच्या नगरसेवकांपैकी काही आजही सभागृहात आहेत. त्यांनी उठून सांगावं की मी खोटं लिहिते आहे.

गावात सध्या पूररेषेवरून किती वाद चालला आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. निळी रेषा कुठून जाते, लाल रेषा कुठून, कुणाचा प्लॉट आत, कुणाचा बाहेर. पाणी प्रत्यक्षात कुठपर्यंत आलं होतं याचा हाताने मोजलेला, तारीखवार पुरावा तुमच्याच भांडारगृहात पडून आहे आणि नेमका तोच तुम्ही रद्दीत काढला आहे. कुणाची सोय व्हावी म्हणून हे केलं, असा संशय मी घेत नाही. लोक मात्र घेतील.

नाना गेल्यावर हा सगळा ठेवा कुठे द्यायचा, असा प्रश्न आला. भाऊ पुण्यात असतो, तो म्हणाला मुंबईला देऊ. आई म्हणाली, ‘गावाचं गावात राहू दे. पोरांना पाहता येईल.’ तिचं बरोबर होतं, कारण पोरं येतच होती. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे म्हादेई या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा ओसरीवरच्या जगाच्या नकाशावर नाना त्यांची जागा टाचणीने दाखवत. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तारिणी या शिडाच्या नौकेतून निघाल्या, तेव्हा टाचण्या लावायचं काम त्यांनी कन्याशाळेच्या मुलींना दिलं. केप हॉर्न कुठे आहे हे आपल्या गावातल्या काही मुलींना झोपेतही सांगता येईल, ते त्यामुळे.

तेव्हाच्या सभागृहाने ठराव करून ठेवा स्वीकारला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली दिली. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, फीत कापली, फोटो निघाले. आईने त्या दिवशी पेटीतली पदकंसुद्धा देऊन टाकली. हेही एक माझ्या जिवाला लागलेलं आहे, कारण लॉट सातच्या यादीत पदकांचा उल्लेखच नाही. ती कुठे आहेत?

पुढचं थोडक्यात सांगते. खोली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेसाठी लागली. अभ्यासिकेला माझा विरोध नव्हता, आजही नाही. तिथे बसणारी मुलं माझ्या दुकानात चहाच्या वेळेला डोकेदुखीची गोळी घ्यायला येतात, त्यांचे हाल मला ठाऊक आहेत. पण सामान हलवण्याआधी आम्हाला एक फोन करता आला असता. आमचं घर वाचनालयापासून हाकेच्या अंतरावर आहे. एका ट्रॉलीत सगळं भरून ते पाण्याच्या टाकीमागच्या भांडारगृहात नेलं, याची ना पावती, ना यादी.

ओळखीच्या एका कर्मचाऱ्याच्या भलेपणामुळे मला ते आत जाऊन पाहता आलं. त्याचं नाव विचारू नका. फुटक्या ट्यूबच्या पट्ट्या, फवारणीचे पंप, चाक निखळलेली घंटागाडी, आणि कोपऱ्यात नानांची लाकडी विक्रांत. तिच्या डेकवर ब्लीचिंग पावडरचं पोतं ठेवलं होतं. पावडर सांडून लाकूड पांढरं पडलं आहे. खुकरीचा मास्ट मोडला आहे. वह्यांचा गठ्ठा ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेला, खालच्या तीन वह्यांना वाळवी लागलेली. मी एक वही उघडली. रेक्झिनचं पुठ्ठं हातात सुटून आलं, कडा कुरतडलेल्या, पण अक्षर स्पष्ट. ‘पाणी ११ वी पायरी. वारा नैर्ऋत्य, ३. ढग. भोईवाड्यात मुलगी झाली, दोन्ही बऱ्या.’ मी वही परत जागेवर ठेवली. ती नगरपालिकेची मालमत्ता आहे, आणि मी चोर ठरायला तयार नव्हते.

घाटाचंही तेच. सुशोभीकरणात पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसवली आणि नानांच्या पाणीपातळीच्या खुणा तिच्याखाली गेल्या. फरशीवरून पाय घसरून पडलेल्यांचे मलमपट्टीचे सामान मीच विकते, तो विषय वेगळा. पण आज पाणी वाढलं तर ते कितीवर आहे, हे सांगणारी एकही खूण आपल्या घाटावर नाही. तुमच्याकडे मोजमापाची दुसरी काही व्यवस्था असेल तर ती लोकांना दाखवा.

कागद जपणं आपल्याला नवं आहे का? आपल्याच खान्देशात, धुळ्यात, इतिहासाचार्य राजवाडे वारले आणि १९२७ मध्ये, म्हणजे लगेचच, तिथल्या लोकांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्या माणसाने दारोदार फिरून गोळा केलेली दप्तरं वाऱ्यावर जाऊ दिली नाहीत. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ रामदासांच्या परंपरेची हस्तलिखितं जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आजही आहेत. तेव्हा ना सुशोभीकरणाचा निधी होता, ना एलईडी पाट्या. नाना राजवाडे नव्हते, हे मला कळतं. पण तापीच्या या काठाची इतक्या वर्षांची रोजची नोंद करणारा दुसरा कुणी आपल्या गावात झाला असेल, तर त्याचं नाव मला सांगा. त्याच्याही वह्या आपण शोधू.

नानांना भंगाराचं वावडं नव्हतं, हेही सांगते. विक्रांत १९९७ मध्ये सेवेतून गेली, पुढे मुंबईत तिच्यावर संग्रहालय होतं. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये ती तोडायला निघाली. लोक सांत्वनाला आल्यासारखे घरी आले. नाना म्हणाले, तळ कुजला होता, इतकी वर्षं सगळे नुसते भाषणं करत राहिले, डागडुजीचे पैसे कुणी दिले नाहीत, मग दुसरं काय होणार. नंतर बजाजने त्या लोखंडाचा अंश टाकीत घालून मोटारसायकल काढली. गल्लीतल्या एका पोराने ती घेतली आणि कौतुकाने दाखवायला आणली. नानांनी टाकीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि विचारलं, ‘लवकर गरम होते का रे?’ तेव्हा लाकडी जहाजं मोडली म्हणून ते रडले नसते. वह्यांचं मात्र त्यांना सहन झालं नसतं. लाकूड पुन्हा कोरता येतं. २००६ चा पूर पुन्हा मोजता येत नाही.

चौकाबद्दल. कार्यक्रमाचा फ्लेक्स बसस्थानकावर लागला आहे, तो मी पाहिला. नानांचा चेहरा कापून हिरव्या लष्करी गणवेशावर चिकटवला आहे आणि मागे रणगाडा आहे. तीसहून जास्त वर्षं पांढरा गणवेश घालून समुद्रावर राहिलेल्या माणसामागे रणगाडा! हुद्दा ‘कर्नल’ लिहिला आहे. आपल्याकडे गणवेशातला प्रत्येक जण ‘मिलिटरीवाला’, हे मला माहीत आहे, त्यात प्रेम असतं हेही माहीत आहे. पण ज्यांच्या नावाचा ठराव केला त्यांनी नोकरी कोणत्या दलात केली, एवढं तरी सभागृहातल्या कुणी विचारायला हवं होतं. त्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो नानांच्या फोटोपेक्षा मोठे आहेत, ते एक असो.

आमच्या कुटुंबाच्या मागण्या अशा आहेत.

सोमवारचा लिलाव खुशाल करा, पण त्यातून लॉट सात वगळा आणि तसं लेखी पत्र शनिवारपर्यंत द्या. हे साहित्य देणगीचं आहे, ठराव करून घेतलेलं आहे. ते निरुपयोगी कुणी ठरवलं, कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने, याची निर्लेखनाच्या प्रस्तावाची प्रत मला हवी आहे.

भांडारगृहातल्या वस्तूंचा पंचनामा करा. मूळ यादीची कार्बन प्रत आईने जपून ठेवली आहे, ती मी घेऊन येईन. पंचनाम्याला वाचनालयाचे ग्रंथपाल आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा प्रतिनिधी असावा. पदकांचा शोध त्याच दिवशी लागला पाहिजे. ती कुणी उचलून नेली असतील तर पोलिसांत तक्रार नगरपालिकेने द्यायची, आम्ही नाही.

वह्या आधी कोरड्या जागी हलवा, बाकी वाद नंतर घालू. मग त्या सगळ्या स्कॅन करून एक प्रत वाचनालयात, एक पाटबंधारे विभागाला आणि एक तुमच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या टेबलावर. स्कॅनिंगचा खर्च भाऊ आणि मी करू. नगरपालिकेने पैसे द्यावेत अशी अपेक्षा नाही, फक्त वह्या द्याव्यात.

खोली परत नको. अभ्यासिकेच्या भिंतीलगत एक काचेचं कपाट पुरेल. मुलं अभ्यास करून कंटाळली की पाहतील. तेवढीही जागा नसेल तर तसं सरळ लिहून द्या आणि सगळा ठेवा आम्हाला परत करा. आम्ही मुंबईच्या मेरिटाइम हिस्ट्री सोसायटीला विचारू. तिची स्थापना १९७८ मध्ये व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी केली. हे आवटी ७१ च्या युद्धात कामोर्टा या युद्धनौकेचे कप्तान होते आणि निवृत्तीनंतर नानांसारखेच गावाकडे, फलटणजवळ विंचुर्णीला, जाऊन राहिले. दोंदे ज्या सागर परिक्रमेवर गेले, तिची कल्पना त्यांचीच. तिथल्या लोकांना लॉगबुक म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. पण आईची इच्छा गावाची होती, म्हणून पहिला हक्क अजूनही गावाचा.

घाटाच्या पायऱ्यांवर पाणीपातळीच्या खुणा पुन्हा करा. पावसाळ्याच्या आत. मोजणी कुठून धरायची हे भोईवाड्यातल्या दोघा-तिघांना पाठ आहे, त्यांना विचारा.

आणि चौकाचा ठराव मागे घ्या. वरचं सगळं झाल्यावर पुन्हा करावासा वाटला तर आमची हरकत नाही, पण आज आमच्या घरातून त्या कार्यक्रमाला कुणी येणार नाही. आईला व्यासपीठावर बसवून शाल देण्याचा बेत आहे असं ऐकलं. तिला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत आणि शाली तिच्याकडे पुष्कळ आहेत.

सोमवारी सकाळी दहा वाजता मी भांडारगृहाच्या दारात टेम्पो घेऊन उभी असेन, सोबत भाऊ असेल. लॉट सात वगळल्याचं पत्र हाती असेल तर पंचनामा करून ठेवा वाचनालयात हलवायला आम्ही हमाली करू. पत्र नसेल तर लिलावात बोली लावू आणि रद्दीच्या भावाने आमच्या वडिलांच्या वह्या विकत घेऊ. पावतीवर ‘जुन्या वह्या’ असं लिहू नका, यादीतली नावं लिहा. ती पावती आम्ही याच पत्राखाली प्रसिद्ध करू.

कळावे,
आपल्या गावची एक करदाती, कमांडर नानांची धाकटी मुलगी

ता. क. : भांडारगृहाचं छत नेमकं वह्यांच्या वरच गळतं. सोमवारपर्यंत पावसाचा अंदाज आहे. निर्णय काहीही घ्या, पण आज संध्याकाळपर्यंत कुणाला तरी पाठवून त्या गठ्ठ्यावर ताडपत्री टाका. ताडपत्री नसेल तर दुकानावर निरोप द्या, माझ्याकडे आहे.